पाणी व हवामान प्रतिकूल असता जलाशयातील मासेमारी

सातपाटी, अर्नाळा किंवा वसई येथील कोळी बांधव जाळे होडीत घालण्यापूर्वी तिथी पाहतात. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास समुद्रास उधाण येते, पाण्यास ओढ असते आणि त्या ओढीवर उभे राहणारे डोल जाळे भरून येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते, ओढ मंदावते आणि तेच डोल जाळे रिकामे राहते. म्हणून अनुभवी कोळी भांगात डोल जाळ्यावर विसंबून राहत नाही. तो दुसऱ्या प्रकारचे जाळे काढतो, दुसरी जागा धरतो किंवा ते चार दिवस जाळी विणण्यात व दुरुस्त करण्यात घालवितो. पाणी आपल्या सोयीने वागत नाही, तेव्हा आपण पाण्याच्या कलाने वागावे, हा त्याच्या धंद्यातील पहिला धडा होय.

कळवण तालुका समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आहे. येथे भरती-ओहोटी नाही. परंतु गिरणा नदीवरील चणकापूर आणि तिची उपनदी पुनंद हिच्यावरील धरण या दोन्ही जलाशयांचे पाणीही वर्षभर चढत-उतरत असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते; जलाशयाचे पाणी वर्षातून एकदा मोठ्या प्रमाणात चढते आणि मग आवर्तनागणिक उतरत जाते. या चढ-उताराबरोबर, तसेच वारा, थंडी, ऊन व चांदणे यांबरोबर मासा आपली जागा बदलतो. मच्छीमाराने मात्र जागा बदलली नाही, तर त्यास रिकाम्या हाताने परतावे लागते. अशा वेळी बारीक आसाचे जाळे लावण्याचा, डोहात विष टाकण्याचा किंवा वादळी हवेत पाण्यात उतरण्याचा मोह होतो. पहिल्याने पुढील वर्षाचा मासा नाहीसा होतो, दुसऱ्याने गावाचे पाणी नासते व तिसऱ्याने माणूस जातो. हा मोह टाळून प्रतिकूल दिवसांतही पोटापुरती मासळी कशी मिळवावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

जलाशयाचे वर्ष

चणकापूर धरण इंग्रजी अमदानीत, १९११ साली पुरे झाले. त्याचे पाणी कळवण व देवळा तालुक्यांतील शेतीस मिळते आणि गिरणेच्या पात्रातून सोडलेल्या आवर्तनांवर खालची अनेक गावे व मालेगाव शहर यांची तहान भागते. म्हणजे या जलाशयात पाणी किती ठेवावयाचे व केव्हा सोडावयाचे, हे मासळीकडे पाहून ठरत नाही. ते पिकाच्या व पिण्याच्या गरजेवरून ठरते. मच्छीमाराने ही गोष्ट गृहीत धरूनच आपले नियोजन केले पाहिजे.

वर्षाचे साधारणपणे चार भाग पडतात. जून ते सप्टेंबर या काळात पाणी चढते, गढूळ होते व नवीन जमीन बुडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी भरलेले, निवळलेले व स्थिर असते. मासेमारीस हा काळ सर्वांत सोयीचा होय. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते आणि रब्बीची आवर्तने सुरू असतात. फेब्रुवारीपासून पाणी झपाट्याने उतरते व मे महिन्यात जुन्या नदीपात्राच्या आसपास ते आकसून राहते. यांपैकी केवळ दोन महिने सर्वस्वी अनुकूल असतात. उरलेल्या दिवसांत काही ना काही अडचण असतेच. म्हणून अनुकूल दिवसांच्या रीतीवर सबंध वर्ष काढता येत नाही.

मासा जागा का बदलतो

माशास प्राणवायू, अन्न, सोसेल असे तापमान आणि लपण्याजोगा अंधार या चार गोष्टी लागतात. हवामान बदलले की या गोष्टींची ठिकाणे बदलतात आणि मासा त्यांच्यामागे जातो.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीस २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहू शकतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅम. आपल्या पठारावर याहून किंचित कमी. पाण्यातील शेवाळ व सूक्ष्म वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी व दुपारनंतर सर्वांत जास्त असतो.

आपल्या जलाशयांत सोडण्यात येणाऱ्या माशांचे राहण्याचे थरही निरनिराळे आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळ व सिप्रिनस तळाशी चरतात. मरळ काठाच्या गवतात व लव्हाळ्यात दबा धरते. ती हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे थोड्या, गढूळ पाण्यातही तग धरते. शिंगाडा व वाम हे तळाच्या खडकांत व चिखलात असतात. ज्यास कटला हवा त्याने तळास जाळे लावून उपयोग नाही आणि ज्यास मृगळ हवा त्याने पृष्ठभागी जाळे पसरून उपयोग नाही.

जाळ्याविषयी थोडेसे

जलाशयात मुख्यतः कल्लाजाळे वापरतात. माशाचे डोके आसातून पार होते, धड अडकते आणि मागे सरताना दोरा कल्ल्यात गुंततो. हे जाळे स्वतः मासा शोधीत नाही. मासा चालून यावा लागतो. म्हणून मासा ज्या वाटेने व ज्या खोलीवर हिंडतो, तेथे ते उभे असणे हेच सर्व कौशल्य होय.

जाळपट दोरीवर ताणून बांधू नये. १०० मीटर जाळपट सुमारे ५० मीटर दोरीवर बसविल्यास आस पुरेसा उघडतो व जाळे सैल राहून मासा गुंततो. वरच्या दोरीस तरंग व खालच्या दोरीस वजने असतात. तरंग अधिक व वजने हलकी ठेवल्यास जाळे वर तरंगते. वजने वाढविल्यास तळास बसते. तरंगास दोन-तीन मीटरांची दोरी लावून त्याखाली जाळे टांगले, तर ते मधल्या थरात राहते. अशा रीतीने एकच जाळे तीन खोल्यांवर लावता येते. कटला, रोहू व मृगळ यांच्यासाठी ताणलेल्या आसाची लांबी १० सेंटिमीटरांहून कमी ठेवू नये. मासळी मिळेनाशी झाली की पुष्कळ जण आस बारीक करतात. त्याने त्या दिवशी चार बोटुकल्या अधिक मिळतात, परंतु पुढील वर्षी ज्या माशाचे किलोने वजन झाले असते, तोच मासा छटाकाने विकला जातो.

पाणी उतरत असता

आवर्तन सुटले की काठाचे उथळ पाणी प्रथम ओसरते. जेथे काल कमरेइतके पाणी होते तेथे आज चिखल दिसतो. मासा हा बदल लवकर ओळखतो व उथळ भाग सोडून जुन्या नदीपात्राकडे आणि बुडालेल्या ओढ्यांच्या घळींकडे सरकतो. रात्री तो चरण्यासाठी पुन्हा कडेला येतो व पहाटे त्याच घळीने परत जातो.

यास्तव, आवर्तन चालू असता जाळे काठास समांतर लावू नये. ते ओढ्याच्या घळीच्या तोंडाशी, उथळ व खोल पाण्याच्या सीमेवर, घळीस आडवे लावावे; मात्र घळीचे संपूर्ण तोंड अडवू नये. सायंकाळी लावून पहाटे, सूर्य वर येण्यापूर्वी, उचलावे. पाणी रात्रीतून उतरणार हे ध्यानात घेऊन जाळ्याच्या काठाकडील टोकास पुरेसे पाणी राहील अशी जागा निवडावी. अन्यथा जाळे झुडपांत व खुंटांत अडकून फाटते.

जुने नदीपात्र कोठून जाते, घळी कोठे आहेत, खडक व झाडांचे बुंधे कोठे आहेत, हे मे महिन्यात तळ उघडा पडतो तेव्हाच पाहून ठेवावे. काठच्या पाड्यांतील कोकणा व भिल्ल समाजातील वयस्कर माणसांस ही माहिती तोंडपाठ असते. तरुणांनी त्यांच्याबरोबर एक दिवस फिरून साधा नकाशा काढून घ्यावा. त्या एका दिवसाचा उपयोग पुढे वर्षभर होतो.

पाणी सोडण्याच्या विहिरीजवळ व सांडव्याजवळ मासा गोळा होतो, हे खरे. तथापि तेथील ओढ दिसत नाही व माणसास खेचून नेते. तेथे जाळे लावू नये, पोहू नये आणि तराफा नेऊ नये.

वारा सुटला असता

मध्यम वारा मच्छीमाराचा शत्रू नव्हे. एकाच दिशेने दिवसभर वारा वाहिला म्हणजे पृष्ठभागावरील पाणी व त्यातील सूक्ष्म जीव समोरच्या काठाकडे ढकलले जातात. त्यामागे लहान मासे व कटला तिकडे जातात. लाटांमुळे पाण्यात हवा मिसळते व पाणी किंचित गढूळ होऊन जाळेही दिसत नाही. म्हणून वारा मंदावल्यावर त्याच सायंकाळी, ज्या काठावर लाटा आपटत होत्या, तेथे वरच्या थरातील जाळे लावल्यास मासळी चांगली मिळते.

वारा जोराचा असता मात्र तरंगते जाळे लावू नये. ते गुंडाळले जाते किंवा वाहून जाते. अशा वेळी वजने वाढवून जाळे तळास बसवावे, दोन्ही टोकांस दगड बांधावेत आणि आडोशाच्या खाडीत मृगळ व सिप्रिनस यांच्यासाठी ते लावावे.

जाण्या-येण्याचा नियम एकच आहे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे व येताना वाऱ्याबरोबर यावे. जाताना वारा पाठीशी असला की काम सोपे वाटते. परंतु थकलेल्या हातांनी, ओल्या जाळ्याचा भार घेऊन वाऱ्याविरुद्ध परतावे लागते. पुष्कळ अपघात या परतीच्या वेळीच घडतात.

थंडीच्या दिवसांत

नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. पाण्याचे तापमान २० अंशांखाली गेले की कटला, रोहू व मृगळ यांचे खाणे मंदावते व हिंडणेही कमी होते. मासा हिंडेनासा झाला की कल्लाजाळे रिकामे राहते. जाळी दुप्पट लावल्याने हा प्रश्न सुटत नाही.

काठाचे उथळ पाणी रात्री लवकर थंड होते व दिवसा लवकर तापते. खोल पाण्यात बदल थोडा होतो. म्हणून मासा रात्री खोल पाण्यात असतो; दुपारी ऊन पडल्यावर व वारा नसल्यास तो उन्हाच्या, आडोशाच्या उथळ खाडीत येतो. थंडीत कामाची वेळ पहाटेऐवजी दुपार धरावी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी जाळे लावावे व सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने, मासा परत खोलात जाऊन झाल्यावर, उचलावे. काठावरून फेकजाळे टाकणाऱ्यानेही हीच वेळ साधावी. ढगाळ व वाऱ्याच्या थंड दिवसांत जाळी न लावता त्यांची डागडुजी करावी, हे अधिक किफायतीचे ठरते.

चांदण्या रात्री

समुद्रावर चंद्र पाणी हलवितो. जलाशयावर तो केवळ उजेड पाडतो. परंतु निवळलेल्या पाण्यात तेवढ्या उजेडानेही माशास जाळे दिसते व तो वळसा घालून जातो. म्हणून शुक्लपक्षाच्या उत्तरार्धात कल्लाजाळ्याची मासळी घटते, असा सर्वत्र अनुभव आहे.

यावर तिथीचाच उपाय करता येतो. शुक्लपक्षात चंद्र सूर्यास्तानंतर दर तिथीस सुमारे ४८ मिनिटे या हिशेबाने उशिरा मावळतो. पंचमीस तो सूर्यास्तानंतर सुमारे चार तासांनी व अष्टमीस मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तेव्हा शुक्लपक्षात अंधार रात्रीच्या उत्तरार्धात असतो. त्या वेळी जाळे पाण्यात असावे व ते पहाटे उचलावे. वद्यपक्षात याच्या उलट असते. वद्य पंचमीस चंद्र सूर्यास्तानंतर सुमारे चार तासांनी उगवतो. म्हणून जाळे दिवेलागणीस लावून चंद्रोदयानंतर उचलले तरी चालते. पौर्णिमेच्या अलीकडचे व पलीकडचे दोन दिवस जाळे खोल पाण्यात, तळाशी लावावे अथवा विश्रांती घ्यावी. पांढऱ्या जाळ्यापेक्षा पाण्याच्या रंगाशी मिळते जाळे किंवा बारीक तंगुसाचे जाळे चांदण्यात कमी दिसते. गढूळ पाण्यात चांदण्याची बाधा फारशी होत नाही.

उन्हाळ्यातील थोडे पाणी

मे महिन्यात पाणी आकसते व सर्व मासा थोड्या जागेत गोळा होतो. या काळात मासा मिळण्याची अडचण नसते. किती मासा धरावा हा प्रश्न असतो. जो मासा या दिवसांत वाचेल, तोच पावसाळ्यात अंडी घालील. सहकारी संस्थेने व काठच्या गावांनी मिळून जुन्या पात्रातील एखादा खोल डोह राखून ठेवावा व त्यात कोणीही जाळे टाकू नये. शेतकरी पुढील पेरणीसाठी बियाणे वेगळे काढून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

मासेमारीची वेळ सूर्योदयापूर्वीची व सूर्यास्तानंतरची ठेवावी. दुपारी पृष्ठभागाचे पाणी तापते व मासा खाली जातो. शिवाय उन्हात जाळ्यात अडकून मेलेला मासा तासाभरातच मऊ पडू लागतो. उन्हाळ्यात रात्रभर जाळे न ठेवता दर दोन-तीन तासांनी ते तपासावे. मासा सावलीत ठेवावा, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मासळीच्या वजनाइतका बर्फ, एक थर मासळी व एक थर बर्फ, या रीतीने घालावा. थोडी मासळी चांगल्या स्थितीत बाजारात नेली, तर पुष्कळ व नासक्या मासळीपेक्षा अधिक पैसे मिळतात.

याच दिवसांत डोहात विष कालविण्याचा अपप्रकार होतो. पूर्वी गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकीत, त्याने मासा गुंगत असे. आता कोठे कोठे पिकावरील कीटकनाशके टाकली जातात. ही गोष्ट अत्यंत घातक आहे. गेळाने गुंगणाऱ्या माशाऐवजी येथे मासा, त्याचे पिल्लू, त्याचे अन्न व बेडूकही मरतात. तो मासा खाणारे कुटुंब, ते पाणी पिणारे जनावर आणि नदीच्या खालच्या अंगास पिण्यासाठी तेच पाणी घेणारी गावे या सर्वांस त्याची बाधा होऊ शकते. सुरुंगाच्या दारूने किंवा विजेच्या तारेने मासे मारणे हाही तसाच गुन्हा आहे. विष व स्फोटके यांनी मासे मारण्यास आपल्या देशात १८९७ सालच्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच बंदी आहे.

पहिला पूर व चढणीचे मासे

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला व ओढ्यांस लाल पाणी आले की मासा प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतो. चढणीचे मासे धरण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. लहान मुलेही टोपल्या घेऊन ओढ्यावर जातात. या वेळी मासा कशाचीही पर्वा न करता उथळ पाण्यातून वर जातो, म्हणून तो हाताने धरता येतो.

तो वर का चढतो, हे जाणले पाहिजे. त्याच्या पोटात अंडी असतात. रोहूच्या मादीच्या दर किलो वजनामागे एक लाखाहून अधिक अंडी असतात. कटला, रोहू व मृगळ स्थिर पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांस पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच त्यांचे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्याच पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीजाचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तथापि आपल्या नदीतील बहुतेक स्थानिक माशांचे बीज केंद्रात तयार होत नाही. ते ओढ्याच्या चढणीवरच तयार होते. चढणीवर धरलेली एक मादी म्हणजे एका वेळचे कालवण. सोडलेली मादी म्हणजे पुढील हंगामाची आशा.

समुद्रावर महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी असते. जलाशयातही ठेक्याच्या अटींत व मत्स्यव्यवसाय विभागाच्या आदेशांत जो बंद काळ नमूद असेल, तो काटेकोर पाळावा. त्याखेरीज गावानेही ठराव करून पहिल्या पुराचे पंधरा-वीस दिवस ओढ्यांची तोंडे मोकळी ठेवावीत, त्यांत जाळी, बांध वा सापळे लावू नयेत. कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो व १९९६ सालच्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाचा अधिकार पंचायतीकडे दिला आहे. त्या अधिकाराचा हा उत्तम उपयोग होईल. या दिवसांत रोजी बुडू नये म्हणून संस्थेने हंगामातील विक्रीतून थोडी रक्कम बाजूस ठेवून ती सभासदांस द्यावी, नाहीतर उपाशी माणसास नियम सांगून काही होत नाही.

शेततळ्याविषयी

कांदा व डाळिंब यांच्यासाठी केलेल्या शेततळ्यांत आता पुष्कळ शेतकरी मासे सोडतात. लहान पाण्यात प्रतिकूल हवामानाचा परिणाम अधिक तीव्र होतो. पाणी गर्द हिरवे असून दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, तर पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. अशा वेळी जाळे ओढू नये, खाद्य व शेणखत ताबडतोब बंद करावे आणि पंपाने पाणी उंचावरून पाण्यातच पाडावे किंवा विहिरीचे ताजे पाणी सोडावे. सूर्य वर येऊन मासे खाली गेले म्हणजे धोका टळला असे समजू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाहावे.

प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याच्या बाजू निसरड्या असतात. आत पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. अशा प्रत्येक तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवावेत व भोवती कुंपण घालावे.

वीज, वादळ व जीविताची काळजी

वळवाच्या पावसापूर्वी वारा एकदम पडतो, उकाडा वाढतो आणि नंतर क्षितिजावरून धुळीचा लोट येतो. वारा पडला व ढग काळवंडले की जाळे तेथेच सोडून काठ गाठावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजावे. दर तीन सेकंदांस वीज एक किलोमीटर दूर असते. मोजणी तीसच्या आत आली तर पाण्यात थांबू नये, झाडाखालीही थांबू नये, पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देते. गावातील निदान दोघांच्या मोबाइलवर ते असावे व त्यांनी इतरांस कळवावे.

हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पुष्कळ जण जाळी लावतात. त्यांनी एकट्याने जाऊ नये. तरंगणारे जाकीट घालावे. ते नसेल तर झाकण घट्ट बसविलेले दोन रिकामे डबे दोरीने जोडून बगलेखाली बांधावेत. जाळ्याचा दोर पायास किंवा कमरेस कधीही गुंडाळू नये. धारदार चाकू हाताशी असावा. धरणातून पाणी सोडण्याचा इशारा झाला की खालच्या अंगास गिरणेच्या पात्रात कोणीही थांबू नये.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांच्या गट अपघात विम्याची तरतूद करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या तरतुदींचा लाभ कसा घ्यावा, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

केवळ उपदेश करून रीत बदलत नाही. ग्रामकार्यकर्त्याने एखाद्या मच्छीमार गटाबरोबर सलग तीन महिने नोंदवही ठेवावी. तीत तारीख, तिथी, वारा व त्याची दिशा, आकाश, पाणी चढते की उतरते, जाळ्याची जागा, खोली, आस, लावण्याची व उचलण्याची वेळ, माशाची जात व वजन एवढे रकाने असावेत. एकाच रात्री एक जाळे नेहमीच्या जागी व दुसरे, तितक्याच लांबीचे व त्याच आसाचे, या पाठात सांगितलेल्या जागी लावावे व दोहोंतील वजन लिहून ठेवावे. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये. पंधरा-वीस रात्रींची बेरीज करावी. आपल्याच जलाशयातील आपल्याच हाताने लिहिलेले आकडे पाहिले म्हणजे लोकांची खात्री पटते. येथे सांगितलेली एखादी रीत आपल्या जलाशयास लागू पडत नाही असे नोंदवहीवरून दिसले, तर ती खुशाल सोडून द्यावी.

सारांश

पाणी उतरत असता : घळीच्या तोंडाशी, उथळ व खोल पाण्याच्या सीमेवर.
जोराचा वारा असता : आडोशाच्या खाडीत, तळास, वारा मंदावल्यावर समोरच्या काठाशी, वरच्या थरात.
थंडीत : दुपारी, उन्हाच्या खाडीच्या तोंडाशी.
चांदण्यात : तिथी पाहून अंधाराच्या प्रहरी, पौर्णिमेस खोल पाण्यात.
उन्हाळ्यात : सकाळ-संध्याकाळ, थोडक्या वेळासाठी, राखीव डोह सोडून.
पहिल्या पुरात व वादळी हवेत : जाळे घरी ठेवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आवर्तन सुटल्यावर मासा कोठे जातो व का?
२. शुक्ल अष्टमीस व वद्य अष्टमीस जाळे लावण्याच्या वेळा निरनिराळ्या का असाव्यात?
३. मासळी कमी मिळू लागली असता आस बारीक केल्याने कोणते नुकसान होते?
४. आपल्या गावच्या ओढ्यावर चढणीचे मासे धरणे थांबवावयाचे असल्यास ग्रामसभेत कोणता ठराव मांडाल? त्या दिवसांतील रोजीची सोय कशी कराल?
५. आपल्या जलाशयातील जुन्या नदीपात्राचा व घळींचा नकाशा वयस्कर मच्छीमारांच्या साहाय्याने काढा.